फोटोत आबा उभे करून मिळाले: चार स्टार, तेही तिसऱ्या प्रूफला

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पहिल्या दोन प्रूफांत, म्हणजे तपासायला दाखवलेल्या नमुन्यांत, जे झालं ते नावानिशी लिहून कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, आणि तिसऱ्यात त्यांनी जे काम केलं ते बघता पुढच्या वेळीही मी तिथंच जाणार आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला जुना स्टुडिओ. पुढच्या बाजूला पासपोर्ट फोटो, कपांवर छपाई, वाढदिवसाचे बॅनर. मागं प्लायवूडच्या आडोशाला एक कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढं बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा. दारावर पाटी: ‘जुने फोटो नवे करून मिळतील. वेगवेगळे फोटो एकत्र करून मिळतील.’

मला हे दुसरं पाहिजे होतं.

गेल्या भाऊबीजेला आम्ही चारही भावंडं कितीतरी वर्षांनी एका वेळी कोल्हापुरात होतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास आईला घेऊन रंकाळ्यावर गेलो, तिला खुर्चीवर बसवलं, मागं आम्ही चौघं उभे राहिलो आणि भाच्यानं मोबाईलवर फोटो काढला. ऊन डावीकडून, तिरपं, तूप ओतल्यासारखं. फोटो बघून आई म्हणाली, “समदी हाईत. ह्येच न्हाईत तेवढं.” आबा १९९४ ला गेले. ते असताना आमचा सगळ्यांचा मिळून एकही फोटो निघाला नाही, कारण फोटोग्राफर घरी यायचा त्या दिवशी आबा हमखास गुऱ्हाळावर असायचे.

दादाचं म्हणणं, असला खोटा फोटो कशाला करायचा? मी म्हटलं, आई-आबांचा लग्नानंतरचा स्टुडिओतला फोटो आठव. त्यात दोघांच्या मागं संगमरवरी जिना आहे, कारंजं आहे. आमच्या घरात तेव्हा माळ्यावर चढायला बांबूची शिडी होती. तो जिना पडद्यावर रंगवलेला, आणि पडदे रंगवणं ही तर या गावाची विद्या. आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे नात्यातले भाऊ आधी नाटकांचे पडदेच रंगवायचे, सिनेमाचा कॅमेरा नंतर आला. आणि फोटो जोडणं म्हणाल तर तेही कॉम्प्युटरनं शोधून काढलेलं नाही. १८५८ साली इंग्लंडात हेन्री पीच रॉबिन्सननं पाच निगेटिव्ह जोडून एका मरणपंथाला लागलेल्या मुलीचं चित्र तयार केलं होतं. दादा म्हणाला, तू कर काय ते, मी वर्गणी देतो.

दर असा: जोडून द्यायचे १,२०० रुपये, त्यात दोन दुरुस्त्या फुकट. १२ बाय १८ इंची प्रिंट आणि फ्रेम मिळून ८५०. मुदत आठ दिवस. लागले तेवीस.

आबांचा म्हणून मी जो फोटो दिला तो १९८९ च्या एका लग्नातला. फेटा, काळा कोट, धोतर. रंगीत प्रिंट, पण त्या काळातल्या बऱ्याच प्रिंटांसारखा लालसर पडलेला. त्यातला निळसर-हिरवा रंग आधी उडतो, म्हणून सगळी माणसं तांबडी दिसायला लागतात. मी तो घरीच मोबाईलवर काढून व्हॉट्सॲपवर पाठवून दिला. ही पहिली चूक माझी. पण प्रिंटच घेऊन या, असं त्यांनी सांगायला हवं होतं. हा पाव स्टार तिथं गेला.

पहिलं प्रूफ घ्यायला गेले तेव्हा पोरगा खुशीत होता. स्क्रीनवर फोटो उघडला आणि म्हणाला, “बघा काकू, नाद खुळा झालंय.”

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या किती पोरांचे कागद डोळ्याखालून गेले असतील त्याला गणती नाही. त्यामुळं एक सवय लागली आहे: चित्र बघितल्यावर आधी तोंड गप्प ठेवायचं. पहिलं जे मनात येतं ते बहुतेक वेळा ‘काहीतरी गंडलंय’ एवढंच असतं, आणि ते ऐकून कुठल्याच पोराचं चित्र सुधारत नाही. आमच्या फोटोच्या ग्रुपवरही मी हेच बघते. कुणी कंपोझिट, म्हणजे असा जोडलेला फोटो, टाकलं की निम्मे लोक हात जोडतात, उरलेले लिहितात ‘फेक वाटतंय भावा’. बिचारा टाकणारा काय करणार? कुठं फेक वाटतंय ते कुणी सांगत नाही.

म्हणून मी त्याला म्हटलं, मला याचा साधा प्रिंट दे, उद्या येते.

रात्री प्रिंटवर बटर पेपर लावला आणि लाल पेन्सिल घेतली. मुलांच्या चित्रावर मी कधी थेट रेघ मारली नाही, हाही तसाच पाळलेला नियम. आधी सावल्या. दादाची, माझी, खुर्चीची सावली कुठं पडली आहे त्या रेघा ओढल्या. सगळ्या उजवीकडं, एकमेकींना समांतर, आणि लांबच्या लांब, कारण सूर्य मावळायला तासभर असला की सावली माणसाच्या उंचीच्या चौपट होते. आबांच्या पायाखाली मात्र भर बारा वाजता पडावी तशी गोल काळी सावली होती, तव्यावरच्या भाकरीएवढी. शिवाय आबांचा फोटो फ्लॅशचा. उजेड समोरून, दोन्ही गाल सारखेच उजळ. आमच्या सगळ्यांचा उजवा गाल सावलीत. एकाच अंगणात उभ्या असलेल्या माणसांवर दोन सूर्य कसे?

मग उंची. हे जरा सविस्तर सांगते, कारण हे कळलं की जोडलेले फोटो तपासायची किल्लीच हाती येते. भाच्यानं मोबाईल छातीशी धरला होता, म्हणजे लेन्स जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर. सपाट जागेवर क्षितिजरेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीलाच येते. आमच्या फोटोत रंकाळ्याच्या पलीकडच्या काठाची पाण्याची रेषा जवळजवळ तीच. मग जवळ उभा असो की लांब, प्रत्येक माणसाला ती रेषा जमिनीपासून साडेचार फुटांवरच कापणार. दादाला ती खांद्यावर कापते, मला हनुवटीवर. आबांना तिनं कापायला हवं होतं मानेशी. ती गेली होती कोटाच्या वरच्या खिशावरून. हिशेब केला तर आबा सव्वासहा फुटांचे निघाले. आबांची उंची पाच फूट चार इंच, आणि त्यांना ती कमी वाटायची, म्हणून फेटा उंच बांधायचे. बघितलं असतं तर खूश झाले असते.

तिसरं, आबांच्या डाव्या दंडावर चार बोटं. कुणाची? लग्नात शेजारी उभ्या असलेल्या पाव्हण्याची. माणूस कापून टाकला, बोटं राहिली. फेट्याच्या कडेला पांढरी किनार होती, जुन्या फोटोतल्या भिंतीची, ती तर लांबूनही दिसत होती.

हे सगळं सुधारता येण्यासारखं. खरी गोष्ट वेगळीच होती. प्रूफ आईला दाखवलं. तिनं चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला, परत आणला. म्हणाली, “ह्ये तुमचं आबा न्हवंत.”

तिनं सांगेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आबांच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे व्रण होते, दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर एक खोल. फोटोतला गृहस्थ तुकतुकीत. पोरानं चेहरा धूसर आहे म्हणून एआयचं बटण दाबलं होतं, आणि त्या बटणानं व्रण म्हणजे घाण समजून गाल सारवून दिला. डोळेही कुणा भलत्याचेच, रेखीव. आबांचा एक डोळा किंचित बारीक होता.

दुसऱ्या दिवशी बटर पेपर घेऊन गेले. मालकही बाहेर आले. मी आधी चांगलं काय ते सांगितलं, आणि ते काही तोंडदेखलं नव्हतं: आबांची जागा त्यानं बरोबर निवडली होती, आईच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला, दादाच्या पुढं. कुणाचं तोंड झाकलं नाही, गर्दी वाटत नाही. मग एकेक रेघ दाखवली. क्रमही सांगितला: आधी चेहरा, मग उजेड, मग उंची, किनार आणि बोटं शेवटी. किनारीपासून सुरुवात केली असती तर त्यानं दोन तास फेटा घासत घालवले असते आणि चेहरा तसाच राहिला असता. पोरगा खाली मान घालून ऐकत होता, पण काठाच्या रेषेचं सांगितलं तेव्हा एकदम वर बघितलं. “म्हंजे सगळ्यांस्नी एकाच उंचीवर कापायला पायजे? खुर्चीतल्या आजींना पण?” आजी बसल्या आहेत, त्यांचं डोकं साडेचार फुटांपर्यंत पोचतच नाही, रेषा वरून जाईल, म्हटलं. त्यानं स्क्रीनवर मोजून बघितलं. जात होती.

मालक म्हणाले, “ताई, गिऱ्हाईक एवढंच म्हणतंय, बघा जरा नीट करा की. नीट म्हंजे काय, ते आम्हाला कुठलं कळायला?”

प्रिंट दिला. त्यांनी स्कॅनर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांवर, लावला. हिशेब सोपा आहे: प्रिंटमधला चेहरा जेमतेम एक सेंटिमीटर, त्याला २३६ ठिपके मिळतात. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोत त्याच्या निम्मेही नव्हते. व्रण स्कॅनमध्ये स्वच्छ दिसले. नाकावरचाही.

आता दुसऱ्या प्रूफाबद्दल. उंची बरोबर. बोटं गेली. किनार गेली. चेहरा आबांचा. उजेडासाठी मात्र पोरानं आबांच्या उजव्या गालावर ब्रशनं काळं फिरवलं होतं, ते चुलीपुढं बसून आल्यासारखं दिसत होतं. त्याचा त्यालाच ते पटलं नसावं, कारण त्यानं स्वतःहून आणखी एक करून ठेवलं होतं. मी सोबत दिलेल्या फोटोंत आबांचा शेतावरचा एक होता, त्यात ऊन उजवीकडून. तो त्यानं आरशासारखा उलटा करून बसवला, की ऊन डावीकडून आलं. डोकं चांगलं लढवलं होतं. पण उलटं केलं की सदऱ्याचा खिसा उजवीकडं जातो, मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हातात जातं, आणि बारीक डोळाही बाजू बदलतो.

“काकू, घड्याळ कोण बघतंय?”

म्हटलं, ज्या बाईनं त्या घड्याळाला रोज सकाळी चावी दिली ती बघणार आहे.

याच प्रूफात एक नुकसान झालं, आणि त्याचा दोष मी माझ्याकडं घेते. आईच्या कपाळावर गोंदण आहे, हिरवट तुळस. दुसऱ्या प्रूफात ती नाहीशी. पोराला वाटलं डाग आहे. पहिल्या वेळी मी काय बदलायचं ते सगळं सांगितलं होतं, कशाला हात लावायचा नाही ते सांगितलं नव्हतं. शाळेत असताना मी हे विसरत नसे. स्थिरचित्रात पोरानं तांब्याचा गळा सुरेख काढलेला असला आणि बुड बिघडलेलं असलं, तर आधी गळ्याला हात लावू नकोस म्हणून बजावायचं, नाहीतर पोरगं पूर्ण तांब्या खोडून मोकळं होतं. निवृत्तीनंतर सवय मोडली म्हणायची.

त्यानं केलेलं ते उलटं धरलं तर दोन दुरुस्त्या संपल्या होत्या. मालकांनी वाढीव पैसे मागितले नाहीत, याची नोंद इथं ठळक करते.

मी घरी येऊन ट्रंक उपसली. तळाला एक चौकोनी कृष्णधवल प्रिंट सापडला, मागं आबांच्याच अक्षरात ‘गुऱ्हाळ, १९८३’. कारखान्यातल्या एका पाव्हण्यानं काढलेला. आबा चुलवाणाच्या छपराखाली उभे, डावा हात लाकडी मेढीवर टेकलेला, धोतर वर खोचलेलं, पाय अनवाणी. आणि ऊन डावीकडून, तिरपं. उजवा गाल सावलीत. पाव्हण्याचा कॅमेरा पोटाशी धरून वरून बघायचा होता, म्हणजे लेन्स चारेक फुटांवर, भाच्याच्या मोबाईलपेक्षा अर्धा फूट खाली. एवढा फरक डोळ्याला टोचत नाही.

फक्त रंग नव्हता. पोरगा म्हणाला, एआयनं रंग भरतो. मी म्हटलं, त्यानं भरलेला रंग आबांचा कशावरून? त्यापेक्षा आम्हालाच कृष्णधवल कर. आम्ही पाच जण आबांच्या फोटोत जाऊ, एकट्या आबांना आमच्यात कशाला ओढायचं? मालक जरा नाराज. गिऱ्हाइकाला रंगीतच लागतं, कृष्णधवल म्हणजे दहाव्याच्या जाहिरातीसारखं दिसतं, असं त्यांचं मत. त्यात तथ्य आहे. पण रंग काढला की कुणाचा पांढरा किती पिवळा, कुणाचा काळा किती तांबूस, ही भानगडच संपते. उरतो तो छायाप्रकाश, आणि तो आता जुळत होता.

यावर पोरगा जे बसला ते मी शेजारी स्टुलावर बसून बघितलं, तासभर. पहिल्यांदा त्यानं सर्वांत काळं काय ते दोन्हीकडं शोधलं. आबांच्या फोटोतला काळा राखाडीकडं झुकलेला होता, तो आमच्या केसांच्या काळ्याला आणून भिडवला. मग पांढरा. मग मेढीवरचा हात. मेढ काढली आणि खुर्चीची पाठ त्या हाताखाली आणली, जराशी उंच करून. बोटांखाली अगदी बारीक, गडद सावली दिली, केसाएवढी. ती दिल्याबरोबर हात टेकला. तोवर तो हवेत होता. मी मोठ्यानं “वा!” म्हणाले, तेव्हा पुढच्या दुकानातलं पासपोर्टवालं गिऱ्हाईक डोकावून गेलं. शेवटी त्यानं पूर्ण फोटोवर एकसारखा दाणा पसरला, जुन्या फिल्मचा असतो तसा. आमचे मोबाईलमधले गुळगुळीत चेहरेही जरा खरखरीत झाले. मला माझा चेहरा त्यामुळं आवडला.

पायाखालची लांब सावली त्यानं दादाच्या सावलीला समांतर ओढली. पायाशी ठळक आणि पुढं जाता जाता फिकट, कडा मऊ. हे मी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, “बाई, काल संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन बघून आलो.” काकूची मी बाई कधी झाले, ते कळलं नाही.

राहिलेल्या उणिवा: आबांच्या सावलीचं टोक पदपथाच्या कडेला वळायला हवं, ते सरळ जातं. फ्रेमची काच चकाकते, खिडकीसमोर लावता येत नाही. साधी न चकाकणारी काच हवी असेल तर आधीच सांगा, ते दाखवत नाहीत. आणि तेवीस दिवस. लग्नसराईत आणखी लागतील. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. फोन उचलत नाहीत, सरळ जावं. अस्सल प्रिंट घेऊन जावं, एकाच माणसाचे तीन-चार तरी न्यावेत, उजेड वेगवेगळ्या बाजूंचा असलेले. एआयचं बटण दाबू नका हे आधी सांगावं, आणि चेहऱ्यावरचं काय काय आपलं आहे ते कागदावर लिहून द्यावं. माझा बटर पेपर त्यांनी मॉनिटरशेजारी प्लायवूडला टाचून ठेवलाय. परवा बॅनर आणायला गेलेल्या भाचीनं सांगितलं.

प्रिंट घ्यायला गेले त्या दिवशी पोरानं शेवटचं एक दाखवलं. आबांच्या उजव्या पायाशी उसाचं चिपाड राहून गेलं होतं, गुऱ्हाळावरचं. “एका मिन्टात काढतो.” मी राहू दे म्हटलं.

घरी आईनं फ्रेम मांडीवर घेतली. हात टेकलेल्या खुर्चीवरून बोट फिरवलं, गालावरून फिरवलं, मग खाली खाली येत पायाशी थांबली.

“रंकाळ्यावर चिपाड कुठनं आलं गं?”